बसणाऱ्यांच्या शहरात चालत

आपल्याकडे लोक दारू पीत नाहीत, 'बसतात'. "शनिवारी बसायचं का?" एवढंच विचारतात, आणि कुठे, काय, किती वाजेपर्यंत हे सगळं त्यात येतं. माझ्या नवऱ्याचं टोळकं गेली २२ वर्षं बसतंय. कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूची ठरलेली परमिट रूम, कोपऱ्यातलं ठरलेलं टेबल. वेटरही तोच, फक्त त्याचे केस आता पिकलेत. आधी मसाला पापड, मग चणा कोळीवाडा, मग कुणाच्या तरी साडूची मुळशीतली जमीन. साडेअकराला उठायचं ठरतं, साडेबाराला उठतात.

या २२ वर्षांत मला एकदाही कुणी "बसायचं का?" म्हणून विचारलेलं नाही. भांडण काढायला सांगत नाहीये. मी बिअर पिते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, गोव्याला गेलं की मला आग्रहसुद्धा होतो. पण पुण्यात मी ज्या खोलीत बसू शकते तिचं नाव 'फॅमिली रूम'. वरचा मजला, एसीची पाटी, लाल सोफे, फिश टँक. खाली पुरुष रमलेले आणि वर बायका पोरांच्या हातात चीज-चेरी-पायनॅपलच्या काड्या देऊन सुरमईची वाट बघत बसलेल्या. आमच्या वयाच्या कितीतरी जणींनी बार पाहिला तो असा, जिन्यातून वर जाता जाता.

तर माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला भाचीने कोरेगाव पार्कातल्या 'बार क्रॉल'ची दोन तिकिटं काढली. माणशी १८०० रुपये. एक गाइड, चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एक छोटं ड्रिंक तिकिटात धरलेलं, जास्तीचं आपापल्या खिशातून. क्रॉल म्हणजे रांगणं. एका संध्याकाळी या पबमधून त्या पबमध्ये हिंडायची ही इंग्रजांकडची जुनी रीत, आणि शेवटच्या पबपर्यंत लोक कसे पोचत असतील ते नावातच आलं. नवऱ्याने तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "पैसे देऊन चालायचं? मग सारसबागेत काय वाईट आहे?"

नळ स्टॉपवरून मेट्रोने बंडगार्डन, तिथून रिक्षा. नॉर्थ मेन रोडवर सातला जमायचं होतं. आम्ही १४ जण, त्यात तीस ओलांडलेले तिघे, आणि त्या तिघांतली सगळ्यात मोठी मी. गाइड मूळचा बार्शीचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. "हॅलो मॅम, वेलकम," असं त्याने सुरू केलं. मी म्हटलं, "काकू म्हण रे, मॅम म्हटलं की बँकेत आल्यासारखं वाटतं." भाचीने कोपर मारलं. त्यानंतर रात्रभर तो मला काकू म्हणाला, आणि साडेदहापर्यंत उरलेले बाराजणही काकूच म्हणायला लागले होते.

आत शिरायच्या आधी त्याने फुटपाथवरच सगळ्यांची ओळखपत्रं तपासली. महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं, बाकीच्या दारूला २५. आमच्यातला एक मुलगा २३ चा होता. आयटीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट बुक केलेला, पण व्हिस्की मिळणार नाही. कर्ज मिळतं, पेग मिळत नाही, म्हणून बिचारा चिडला होता. मग गाइडने परवाने काढले. आपण 'परमिट रूम' म्हणतो त्यातलं परमिट म्हणजे हेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात दारू प्यायला आजही परवाना लागतो, आणि एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. मी नवऱ्याला तिथूनच फोन केला, "तुझं परमिट आहे का रे?" तो म्हणाला, "कसलं परमिट?" २२ वर्षं परमिट रूममध्ये बसणारा माणूस हा.

दुसरा नियम गाडीचा. कुणाकडे दुचाकीची किल्ली आहे का, हे त्याने तीनदा विचारलं. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. पण आकड्यांची गरज नव्हती. मे २०२४ च्या त्या पहाटे इथून जवळच, कल्याणीनगरला, भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. हा विषय निघाला की या भागात अजूनही सगळे गप्प होतात. तसे आम्हीही झालो.

पहिलं ठिकाण ब्रुअरीचं. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, समोर लाकडी फळीवर चार छोटे ग्लास. इथे हा मुलगा खरा खुलला. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो केळं किंवा लवंग घालून येत नाही, यीस्टमुळे येतो, हे त्याने ग्लास नाकाखाली धरायला लावून सांगितलं. मी आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणारी बाई, मला हे लगेच पटलं. २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी पुण्यात सुरू झाली आणि देशात क्राफ्ट बिअरची, म्हणजे थोड्या प्रमाणात, हौसेने गाळलेल्या बिअरची, लाट आली त्याच्या सुरुवातीलाच आपलं गाव होतं, हेही त्याने सांगितलं. पेन्शनरांचं पुणे, विद्येचं माहेरघर वगैरे आपण सांगत असतो. हे का सांगत नाही?

मग त्याने आयपीएची, म्हणजे 'इंडिया पेल एल' नावाच्या बिअरची, गोष्ट सांगितली. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना जहाजात बिअर नासायची, म्हणून भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून ही कडू बिअर खास शोधून काढली. ही गोष्ट जगभरचे गाइड सांगतात, पण ती इतकी सरळ नाही. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून यायची आणि इथल्या गोऱ्या सोल्जरांच्या घशात उतरण्याइतकी ठीकठाक पोचायची. हे मी बोलून दाखवलं. गाइडचा चेहरा पडला नाही, उलट त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मला तिथेच तो आवडला.

पहिल्या ठिकाणाहून उठलो तेव्हा मला या प्रकारातली ग्यानबाची मेख कळली. बसलेल्या माणसाला आपल्याला किती झाली आहे हे कळत नाही. खुर्ची त्याला सांभाळून घेते. तो बोलत राहतो, हात हलवत राहतो, आणि एक वाजता उठायला जातो तेव्हा पाय दगा देतात. आम्हाला दर तासाला उठावं लागत होतं. उठून दोन-तीनशे पावलं चालायचं, तेही कोरेगाव पार्कातल्या फुटपाथवरून, जिथे एक फरशी वर, एक खाली, मध्येच लावलेली स्कूटर आणि वडाची मुळं. ते जमलं तर पुढचं ड्रिंक. आपलं शरीर ताशी साधारण एकच पेग निस्तरू शकतं, आणि या हिशेबात चालण्याची वेळ आपोआप धरली जाते. दुसऱ्या ठिकाणी जाताना एका मुलाचा पाय मुळात अडकला. गाइडने काही न बोलता पुढच्या बारमध्ये त्याच्यासमोर लिंबूपाणी ठेवलं. हे काम नवऱ्याच्या टेबलावर कोण करतं? कुणीच नाही. तिथे लिंबूपाणी मागणाऱ्याची वर्षभर टिंगल होते.

दोन ठिकाणांच्या मधलं हे चालणं मला सगळ्यात आवडलं. जुन्या बंगल्यांची फाटकं, वरून वडाच्या पारंब्या, ओशो आश्रमाच्या बाजूने येणारी मरून झग्यातली एक वयस्कर परदेशी बाई. एका फाटकावर पाटी: 'येथे लघुशंका करणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकण्यात येईल.' नदीच्या या बाजूला इंग्रजी पाट्या चालतात असा आमच्या कोथरूडचा समज आहे, तो खोटा ठरला. ज्यांनी ही पाटी लावली त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. प्राग शहराने २०२४ मध्ये रात्री दहानंतरच्या अशा आयोजित फेऱ्यांवर बंदीच घातली, कारण त्या भागात राहणाऱ्यांना झोप मिळेना. आपल्याकडे हे प्रकार वाढले तर तीच वेळ येईल. आमचे चौदाजण शांत होते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जर्मन बेकरी आली. गाइड म्हणाला, "हे फेमस आहे, इथे फोटो काढू शकता," आणि दोन मुली हसत उभ्या राहिल्या. मला पुढे जाववेना. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवार, संध्याकाळी सातच्या सुमाराची वेळ. इथे बॉम्बस्फोट झाला, १७ माणसं गेली. त्या रात्री माझी धाकटी बहीण, म्हणजे या भाचीची आई, कॅम्पातून येताना याच बाजूला कुठेतरी होती आणि दोन तास तिचा फोन लागत नव्हता. भाची तेव्हा आठ वर्षांची, माझ्याकडे होती. मी तिला टीव्ही लावू दिला नव्हता. तिला त्यातलं काही आठवत नाही. "मावशी, मी पत्ते खेळत होते ना तुझ्याशी?" एवढंच म्हणाली. हो, खेळत होती. पाच-तीन-दोन. मी सगळे डाव हरत होते.

त्या पोरांचा दोष नाही. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पण पैसे घेऊन या रस्त्यावरून माणसं फिरवणाऱ्याने इथे अर्धं मिनिट थांबून, फोटोच्या आधी, दोन वाक्यं सांगायला हवीत. डब्लिनमध्ये नट लोक पबपब हिंडवत आपल्या लेखकांचे उतारे सादर करतात, गेली पस्तीसहून जास्त वर्षं. आपला गाइड नट नसला तरी चालेल, पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीत हवं. मी हे त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "चुकलं काकू," म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी कोकम आणि मोहाचं कॉकटेल होतं, जास्तीचं घ्यायचं तर ७५० रुपये. चव झकास. पण ज्या मोहाच्या हातभट्टीसाठी पाड्यापाड्यांवर धाडी पडतात, ती इथे तांब्याच्या पेल्यात, वर सुकलेलं फूल ठेवून येते, याचं हसू येत राहिलं. आमचा २३ वर्षांचा फ्लॅटमालक बिअर पीत त्या पेल्यांकडे बघत होता.

तिसऱ्या ठिकाणाविषयी थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून कानात दडे बसतात. आवाज इतका की शेजारची भाची मेसेज पाठवून बोलत होती. खुर्च्या नाहीत. 'वेलकम शॉट' म्हणून प्लास्टिकच्या नळीत निळं, खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी, आणि ते हात न लावता प्यायची स्पर्धा. मी प्यायले नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही, एवढं श्रेय देते. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला होता. तो सक्तीने लावता येत नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय. पन्नाशीतल्या बाईने ते मॅनेजरच्या कानात ओरडून सांगितल्यावर चार्ज निघाला. त्या रात्रीची टाळी मला तिथे मिळाली, कॉकटेलवर नाही.

चौथं ठिकाण शांत, गच्चीवरचं, पण साडेअकरा वाजले होते आणि माझं पोट भरलं होतं. मी ताक मागितलं. नव्हतं. सोडा प्यायले.

परतीला गाइडने प्रत्येकाची रिक्षा किंवा कॅब येईपर्यंत रस्त्यावर उभं राहून वहीत टिक केलं, घरी पोचल्याचा मेसेज मागितला, आणि माझा आला नाही म्हणून साडेबाराला फोन केला. १८०० रुपये कशाचे घेतले, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. मला दारू विकत मिळत होतीच. आपण एकट्या बाईने आत शिरलं तर चारजण वळून बघणार नाहीत, कुणीतरी मोजून नेईल आणि मोजून परत पाठवेल, ही सोय मिळत नव्हती. पुरुषांना ती त्यांच्या टोळक्यात फुकट मिळते, म्हणून त्यांना ती दिसत नाही. तरुण मुलींना कदाचित तिची तेवढी गरज उरली नसेल, भाची एरवीही मैत्रिणींबरोबर जाते. पण माझ्या वयाच्या बाईला पन्नास वर्षांत पहिल्यांदा बारच्या तळमजल्यावर बसायला मिळालं ते त्या वहीतल्या टिकमार्कमुळे.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तू आमच्याबरोबर चल की एकदा." २२ वर्षांनी! मी विचार करून सांगते म्हटलं. साडूच्या जमिनीचं ऐकायची माझी तयारी नाही.

आता आमच्या भिशीतल्या सहाजणी मागे लागल्यात. तेव्हा कुणी असं नेणारं माहीत असेल तर कळवा. अटी: तिसऱ्या ठिकाणासारखं ठिकाण नको, निळं औषध नको, प्रत्येक ठिकाणी पाठ टेकायला खुर्ची हवी, शेवटचा थांबा एखाद्या साध्या परमिट रूममध्ये, तोही खालच्या मजल्यावर, आणि तिथे सुरमई ताजी हवी. मंगळवार आणि चतुर्थी सोडून कधीही.