विगच्या डिंकाची चमक आणि फेविक्विकचा शहाणपणा

‘विगची चमक कायमची घालवा, पार्लरवाले हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली सहा उपाय, आणि शेवटी नेहमीचं ‘गरजूंपर्यंत पोचवा’. असले मेसेज मी वाचतही नाही. पण देवगडच्या मावसभावाचा फोन आला. लेकीचा साखरपुडा तोंडावर आलाय, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर पॅच आहे, म्हणजे टकलावर चिकटवायचा विगचा तुकडा, आणि फोटोत कपाळाच्या कडेला डिंक चकाकतो ही त्याची जुनी रड. म्हणाला, “अरे, मेसेजात लिवल्यानी तसा फेविक्विक हाडून ठेवलंय. आज लावू काय उद्या?” कुडाळात हेअर पॅच बसवणं हाच माझा धंदा, म्हणून लावायच्या आधी त्याने विचारलं तरी. सगळ्यांच्या घरात पॅचवाला भाऊ नसतो, म्हणून हे लिहितोय.

पहिला उपाय असा: ‘डिंक कमी पडला की चमक दिसते, जाड थर द्या.’ साफ उलटं आहे. पॅचची पुढची कडा जाळीची असते. डिंक त्या जाळीच्या खाली, कातडीवर राहायला हवा. जाड थर दिला, किंवा ओला असतानाच जाळी दाबली, की डिंक छिद्रांतून वर येतो आणि वरच सुकतो. त्याचा गुळगुळीत पापुद्रा बनतो आणि फोटोग्राफरचा फ्लॅश जसाच्या तसा परत फेकतो. म्हणजे चमकतो तो नको तिथे आलेला डिंक, आणि हे महाशय म्हणतात आणखी ओता.

पाण्यावरचा, म्हणजे पाण्यात कालवलेला, डिंक ब्रशवर असतो तेव्हा दुधासारखा पांढरा दिसतो. कपाळावर इतका पातळ हात फिरवायचा की खालची कातडी दिसली पाहिजे. मग हात आवरून बसायचं. पांढरेपणा पूर्ण जाऊन तो पारदर्शक झाला, आणि बोटाची मागची बाजू टेकवल्यावर चिकटतंय पण बोटाला काही लागत नाही, असं झालं की दुसरा हात. जाळी त्यानंतर, आणि तीही एकदाच जागेवर ठेवून कंगव्याच्या पाठीने दाबायची. सरकवलीत की छिद्रं भरलीच. उत्सवातल्या नाटकाला मिशा लावणारा कुठलाही जुना रंगभूषाकार हेच करतो. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ, ती तर याहून जास्त चकाकते. तो गम लावून बोटाने टपटप करत बसतो आणि तार सुटायला लागली की मगच मिशी टेकवतो.

दुसरा उपाय, आधी कपाळाला खोबरेल तेल लावा म्हणजे कातडी सुरक्षित राहते. चमक घालवायला तेल! यावर जास्त लिहीत नाही. तेलावर डिंक धरत नाही, कड उचलली जाते, आणि उचललेली कड चिकटलेल्या कडेपेक्षा जास्त दिसते. कपाळ अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून कोरडं करायचं आणि नाजूक कातडीला स्काल्प प्रोटेक्टर, म्हणजे डिंकाच्या खाली द्यायचा पातळ थर, लावायचा, तो त्यासाठीच मिळतो.

आता तिसरा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मेसेजातलं वाक्य असं: ‘फेविक्विकचा एक थेंब पुरतो, मॅट सुकतो, घामाने निघत नाही, डॉक्टरसुद्धा ऑपरेशननंतर हाच डिंक वापरतात.’

यातला शेवटचा तुकडा अर्धा खरा आहे, म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. फेविक्विक ज्या कुळातलं, ते सायनोअॅक्रिलेट डिंकांचं कुळ खरंच दवाखान्यात आहे. 1942 मध्ये हॅरी कूव्हर नावाचा रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता, त्यात हे सापडलं. दिसेल त्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला टाकलं आणि पुढे डिंक म्हणून विकलं. जखमेच्या कडा जोडण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, 1998 मध्ये याच कुळातल्या एका डिंकाला परवानगी दिली, पण तो ऑक्टिल सायनोअॅक्रिलेट. किराणा दुकानात टांगलेल्या ट्यूबांमध्ये सहसा इथिल असतो. फरक रेणूच्या शेपटीच्या लांबीचा आहे. इथिलची शेपटी आखूड, त्यामुळे तो लवकर तुटतो, आणि तुटताना फॉर्मल्डिहाइड सोडतो. ऑक्टिल सावकाश तुटतो, सुकल्यावर थोडा लवचिकही राहतो. शिवाय डॉक्टर तो जखमेच्या तोंडावर वरून पातळ फिरवतो आणि थोड्या दिवसांत त्याची खपली आपोआप गळते. या कानापासून त्या कानापर्यंत पट्टा ओढून, वर जाळी ठेवून, महिन्यामागून महिना तेच करा असं कुठलाही डॉक्टर सांगत नाही.

आणि गळत नाही तेव्हा काय होतं? फेविक्विक सुकून काचेसारखा कडक होतो. भुवई उचलली की कपाळ हलतं, डिंक हलत नाही. मग त्याला तडे जातात आणि तड्यांची टोकं टोचायला लागतात. पॅच काढायला घेतला की जाळी फाटते, किंवा कातडीचा वरचा थर जाळीबरोबर येतो. घाबरून माणूस कापसाचा बोळा घेतो, तर त्यात वेगळीच गंमत. ओला सायनोअॅक्रिलेट कापसाला लागला की इतक्या झपाट्याने सुकतो की उष्णता तयार होते, आणि त्याने भाजल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. कपाळाच्या खाली डोळे आहेत हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच नाही. ट्यूब दाबली की थेंब कुठे ओघळेल, हे कोण सांगणार?

‘मॅट सुकतो’ म्हणतात ते काय, तेही सांगतो. या डिंकाची वाफ हवेतल्या ओलाव्याला भेटते आणि आजूबाजूला पांढरी भुकटी होऊन बसते. त्यालाच हे मॅट म्हणतात.  काळ्या केसांच्या मुळाशी ती कोंड्यासारखी दिसते आणि धुतली तरी जात नाही. म्हणजे चमक गेली, कोंडा आला.

2021 साली अमेरिकेतल्या लुईझियानात एका बाईंनी केस बसवायला वस्तू चिकटवायचा स्प्रे डिंक मारला. तो डिंक वेगळा होता, पण अक्कल हीच. महिनाभर केस डोक्याला चिकटून राहिले आणि शेवटी प्लॅस्टिक सर्जनने चारेक तास खपून ते सोडवले.

कोणी आधीच लावून बसलं असेल तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत राहा, मग तेल किंवा व्हॅसलीन लावून कड हळूहळू सुटू द्या. डोळ्याला लागलं असेल तर पापण्या जबरदस्तीने उघडायच्या नाहीत. भरपूर पाणी मारत सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

चौथा उपाय पावडरचा. यातही थोडं तथ्य आहे, कबूल. पावडरीने चमक मरते, कारण खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो. मॅट डिंकात सिलिकाची बारीक भुकटी घालतात ती याचसाठी. पण मेसेज सांगतो ‘ओल्या डिंकावर टाल्कम किंवा तांदळाचं पीठ शिंपडा’. ओल्यावर शिंपडलं की त्याचा लगदा होतो आणि पकड जाते. तांदळाचं पीठ तर घामाने फुगतं. चैत्रातल्या दुपारी मांडवात उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाच्या कपाळावर त्याची खळ झालेली बघायला मला बोलावू नका. डिंक पुरता बसल्यावर, मेकअपवाल्यांची ट्रान्सलुसंट, म्हणजे बिनरंगी, पावडर पफवर घेऊन कडेवर हलके टिपायची आणि उरलेली कोरड्या ब्रशने झाडायची. डिंकाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावत असाल तर साधी चकचकीत टेप जाळीखालून दिसते. त्याऐवजी नो शाइन टेप मागा. तेवढ्यानेही निम्मं काम होतं.

पाचवा उपाय नाही, शाप आहे: ‘कोकणात हवा दमट, इथे डिंक चमकणारच आणि पॅच टिकणारच नाही.’ हवा दमट आहे यात वादच नाही. आषाढात आमच्या दुकानात टॉवेल वाळत नाही. पाण्यावरच्या डिंकातलं पाणी उडायला तेव्हा दुप्पट वेळ लागतो, आणि बाटलीवरचे मिनिटांचे आकडे बघून जाळी ठेवणारा हमखास फसतो. पण उपाय साधा आहे. घड्याळाकडे नाही, डिंकाच्या रंगाकडे बघायचं. दारं लावून एसी किंवा पंखा सुरू ठेवायचा, थर आणखी पातळ करायचे, आणि पावसाळ्यात काही गिऱ्हाइकांना सॉल्व्हंटवरचा, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रसायनात विरघळवलेला, डिंक लावायचा. वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंतची माणसं माझ्याकडे पॅच लावून जातात आणि पावसात स्कूटरही चालवतात.

सहावा, काढताना नेलपॉलिश रिमूव्हर नाहीतर रंगाच्या दुकानातला थिनर. अॅसिटोनने कातडी पांढरी, कोरडी पडते. बाटलीजवळ गॅस पेटला तर वेगळंच लग्न लागेल. पण मेसेजवाल्याला एक गोष्ट ठाऊकच नाही. बाजारातले कित्येक स्वस्त विग मोडअॅक्रिलिक नावाच्या कृत्रिम धाग्याचे असतात आणि तो धागा अॅसिटोनमध्ये विरघळतो. डिंक निघायच्या आधी केसांचा गोळा हातात येईल. डिंकाचा रिमूव्हर वेगळा मिळतो. पाण्यावरच्या डिंकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. कडेला थेंब थेंब सोडायचा, थांबायचं, आणि जाळी आपणहून सैल झाली की मग बोट लावायचं.