काटकोन गेला कुठे?

घरात एक तरी कोपरा ९० अंशाचा असावा ना यार! स्वयंपाकघरातली कॅबिनेट स्वतःच बसवायला घेतली, ती येतात कशी एकदम काटकोनात, ६०० म्हणजे ६०० मिमी, आणि आपली भिंत बघावी तर मधेच पोट सुटल्यासारखी पुढे आलेली, फरशीला उतार, मग सपाटी बघायची लेव्हल ठेवली की बुडबुडा ह्या टोकाला, कॅबिनेटचा एक पाय फिरवून वर घेतला की लगेच त्या टोकाला, आणि हे सगळं जमिनीवर आडवं पडून, टॉर्च दातात धरून. फरशी जिथे सगळ्यात उंच तिथून सुरुवात करायची असते हे मला कधी कळलं? चौथं कॅबिनेट बसवल्यावर!! परत सगळं सोडवलं.

त्यात ते बिजागरीचे स्क्रू. एक वरखाली, एक डावीउजवीकडे, एक आतबाहेर, कुठला काय करतो ते दर वेळी विसरायचं, आणि एक दार सरळ केलं की शेजारचं रुसून बसतं. शेवटी भिंतीशी फट, वर ८ मिमी आणि खाली २२. ती झाकायची फिलर पट्टी तिरकी कापली, उलट्या बाजूने. दुसरी पण उलट्याच बाजूने (डोकं चालतच नव्हतं).

आणि घरचे विचारतायत, भांडी अजून किती दिवस बाथरूममध्ये घासायची?