पालकांनी कृपया बाहेर थांबावं

आज दुपारी घरी सगळी जमली होती. जेवताना नणंद म्हणाली, "वहिनी, त्या दिव्या देशमुखचं ठीक आहे गं, ती जिंकते. तू या वयात बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी चार-चार दिवस घर सोडून जातेस, त्यातून मिळतं काय तुला?" मी वाढत होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर आवाज चढला असता आणि पाहुण्यांसमोर ते नको होतं. म्हणून आवराआवर करून आता लिहायला बसले आहे.

मिळतं काय! भाऊजी कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला जातात. ते घरी आले की त्यांना चहा मिळतो आणि "आज किती काढल्या?" असं कौतुकाने विचारलं जातं. नणंदेचे यजमान ट्रेकला जातात, त्यांच्या फोटोंखाली आम्ही सगळे बदाम टाकतो. त्यांना कुणी विचारलंय का, हरिश्चंद्रगड चढून मिळालं काय? विचारू नयेच. माणसाला आवडतं म्हणून तो जातो, एवढं पुरेसं आहे. मग माझ्याच बाबतीत हिशेब का मागता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना, आणि रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा तिचा आकडा. फिडे रेटिंग स्पर्धा म्हणजे मोबाइलवर खेळायचे पाच मिनिटांचे डाव नव्हेत. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि शिवाय प्रत्येक चालीला तीस सेकंद. डाव साठ चालींपर्यंत गेला तर दोघांचे मिळून चार तास होतात. बहुतेक ठिकाणी दिवसाला दोन राउंड. सकाळचा डाव लांबला की जेवणाला वेळच उरत नाही, वडापाव खाऊन पुन्हा बोर्डवर. आणि हॉलमध्ये फोन बाळगायचा नाही. खिशात सापडला तर डाव गेला. चार तास आई फोनवर मिळत नाही, हेच आमच्या घरात खरं दुखणं आहे, बाकी सगळी कारणं वरवरची. बाबा चार तास मीटिंगमध्ये असतात तेव्हा जग चालू राहतं.

गेल्या वर्षीची एक स्पर्धा सांगते, कारण तेव्हापासून हा राग मनात आहे. एका मंगल कार्यालयात होती. मी माझ्या बोर्डवर जाऊन बसले, स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, नाव लिहिलं, मोहरे नीट लावून घेतले. माइकवरून घोषणा झाली, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं, राउंड सुरू होत आहे." एक स्वयंसेवक माझ्याजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "काकू, पालकांनी बाहेर." मी त्याला स्कोअरशीट दाखवली. तो वरमला, सॉरी म्हणाला. पोरगा चांगला होता, त्याच्यावर राग नाही. पण त्याने तसं समजावं असंच सगळं मांडलेलं असतं ना! बक्षिसांची यादी बघा. सात वर्षांखालील, नऊ, अकरा, तेरा, पंधरा, आणि मग एकदम ज्येष्ठ नागरिक. मधली सगळी माणसं कुठे गेली? महिलांसाठी एखादं बक्षीस असलंच, तर त्यात चाळिशीची बाई आणि बारा वर्षांची मुलगी एकाच रांगेत.

आता कुणी म्हणेल, मुलांमुळेच तर हा खेळ चाललाय, त्यांच्याच एन्ट्री फीवर स्पर्धा उभ्या राहतात. मान्य. गुकेश 2024 मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, दिव्याने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यानंतर प्रत्येक सोसायटीत क्लास निघालेत. मला आनंदच आहे. दिव्याची आणि कोनेरू हम्पीची ती फायनल मी ऑफिसमधून येऊन रात्री पुन्हा पहिल्यापासून बघितली, टायब्रेकला डोळ्यांत पाणी आलं. नागपूरची मुलगी! पण तिचं नाव घेऊन मला गप्प बसवू नका. तिने विश्वचषक जिंकला म्हणून बाकीच्यांनी खेळणं सोडायचं असतं का? लताबाई गात होत्या म्हणून आपल्या आज्यांनी ओव्या थांबवल्या नाहीत.

त्या स्पर्धेत सहाव्या राउंडला माझ्यासमोर अकरा वर्षांचा मुलगा होता. खुर्चीवर मांडी घालून बसलेला, हातात पाण्याची बाटली, डोळे बोर्डावर खिळलेले. रेटिंग माझ्याहून कमी, खेळ माझ्याहून वरचढ. हल्ली हे नेहमीचंच झालंय. रेटिंग किती हलणार हे ठरवणारा के फॅक्टर मुलांचा चाळीस, माझा वीस. म्हणजे डाव जिंकला काय, हरला काय, त्यांचं रेटिंग माझ्या दुप्पट वेगाने हलतं. तरीसुद्धा त्यांची प्रगती त्या आकड्याच्या पुढे धावत असते. नियम बरोबर आहे, मुलं खरंच महिन्यामहिन्याला सुधारतात. पण नोकरी करून वर्षातून मोजक्या स्पर्धा खेळणाऱ्याने आपलं रेटिंग नुसतं टिकवलं, तरी त्यामागे किती कष्ट असतात हे बाहेरच्याला कळत नाही. 2024 च्या मार्चमध्ये फिडेने दोन हजारांच्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदा वर उचलले, तेव्हा नवरा म्हणाला, "वा, तुझं वाढलं की." त्याला काय सांगणार. म्हणाला मात्र मनापासून, म्हणून मी हसून हो म्हटलं.

तर तो मुलगा. त्याने मधल्या खेळात माझं एक प्यादं मारलं आणि शेवटी उरलं काय, तर त्याचा राजा, हत्ती आणि प्यादं, माझा राजा आणि हत्ती. बघणाऱ्याला वाटेल, संपलं. पण ही स्थिती मला पाठ होती. फिलिडोर नावाचा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार, तो बुद्धिबळातलाही मोठा खेळाडू होता, त्याने दाखवलेला बचाव आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत शेवटच्या पट्टीवर उभा करायचा आणि हत्ती अशा आडव्या पट्टीवर ठेवायचा की समोरच्या राजाला पुढे येता येऊ नये. मग घाई नाही, त्याच पट्टीवर हत्ती इकडून तिकडे. ज्या क्षणी प्यादं त्या पट्टीवर पाऊल टाकतं, त्या क्षणी हत्ती सरळ समोरच्या राजाच्या पार मागे, पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचं. प्यादं पुढे सरकलेलं असल्यामुळे राजाला आता त्याच्या आडोशाला लपता येत नाही.

हे मी कुठे शिकले माहितेय? स्वयंपाकघरात. पहाटे, डब्याची कणीक भिजवून झाली की ओट्याच्या कोपऱ्यात गुंडाळीचा रेक्झिनचा पट उघडायचा, चार मोहरे मांडायचे आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तीच स्थिती पुन्हा पुन्हा खेळायची. कित्येक महिने. घरात सगळे झोपलेले. कुणाचा एक मिनिट घेतला नाही त्यासाठी.

त्याने पट्टीवर प्यादं ढकललं. माझा हत्ती मागे गेला. शह, शह, शह. तो बराच वेळ थांबला, पुन्हा राजा फिरवून आला. स्थिती तिसऱ्यांदा तीच होणार असं दिसलं तेव्हा मी चाल आधी स्कोअरशीटवर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि बरोबरी मागायला आर्बिटरना, म्हणजे पंचांना, बोलावलं. त्यांनी दोघांच्या शीट तपासल्या आणि बरोबरी दिली. मुलाने हात पुढे केला आणि विचारलं, "आँटी, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मला दाखवाल?" आम्ही बाहेरच्या पायरीवर त्याचा पट मांडून बसलो. त्याचे बाबा आले, थोडा वेळ कौतुकाने बघत राहिले आणि मग मला विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या बोर्डवर आहे?"

नणंदबाई, हे मिळतं. चार तास माझं डोकं फक्त माझं असतं. तिथे मी कुणाची वहिनी नसते, बँकेतल्या काउंटरवरची मॅडम नसते. अकरा वर्षांचा मुलगा मला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मानतो. त्याच्या घरच्यांना ते दिसत नाही, माझ्याही घरच्यांना नाही.

हो, मी नसते तेव्हा सासूबाईंवर भार पडतो, ते खरं आहे. नवरा डबे करतो, पण दूध, औषधं, मुलाचं वेळापत्रक सगळं त्याच बघतात. त्यांनी आजपर्यंत एका शब्दाने हटकलेलं नाही. मी निघताना बॅगेत शेंगदाण्याचे लाडू टाकतात आणि "घाई करू नकोस हं चाल करताना" म्हणतात. त्यांना हत्ती कसा चालतो तेही ठाऊक नाही. आज जेवताना त्याच नणंदेला म्हणाल्या, "तिला विचारतेस, तुझ्या भावाला विचारतेस का?" हे लिहिताना राग जरा निवळलाय तो त्यांच्यामुळे.

मी मूळची सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं त्या गावची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या स्पर्धा म्हणजे आमचा सण असायचा. मोठी माणसं खेळायची, वकील, शिक्षक, दुकानदार, आणि आम्ही मुलं त्यांच्या मागे उभं राहून बघायचो. तेव्हा हा खेळ मोठ्यांचा होता! बुद्धिबळ गाजवणाऱ्या खाडिलकर भगिनींच्या गोष्टी बाबा रंगवून सांगायचे. रोहिणीताई 1976 मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि शेवटी बायकांना अडवता येणार नाही असा निर्णय फिडेलाच द्यावा लागला. त्या लढल्या म्हणून आम्ही मुली हक्काने बोर्डवर बसलो. माझ्यासोबत खेळणाऱ्या त्या मुली आता कुठे आहेत? एकीचं लग्न झालं, एकीची बदली, एकीची बारावी. माझ्याहून कितीतरी चांगल्या खेळायच्या. एकीचा किंग्ज इंडियन, म्हणजे डावाची ती ठरलेली सुरुवात, मला अजून आठवतो.

माझी एक मैत्रीण इंग्लंडमध्ये असते. तिथे क्लबांच्या लीग आहेत. आठवड्यातली एखादी संध्याकाळ, ऑफिस सुटल्यावर, एकच डाव, आणि मग घरी. आपल्याकडे कोल्हापुरात, पुण्यात, नाशकात हे का होऊ नये? जागेचं भाडं आणि आर्बिटरचं मानधन कोण देणार, हा प्रश्न आहे, कबूल. पण दर वेळी चार दिवस रजा आणि लॉजचं भाडं काढण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. मोठ्यांचे दहा-बारा संघ झाले तरी सुरुवात होईल. जिल्हा संघटनांमध्ये ओळखी असलेले इथे बरेच जण आहात. बोला ना कुणीतरी.

आणि सांगलीच्या त्या माझ्या मैत्रिणींपैकी कुणी हे वाचत असेल तर मेसेज कर. दिवाळीनंतरच्या स्पर्धेची एन्ट्री मी भरतेय. खोली दोघींत घेऊ, येण्याजाण्याचं मी बघते. घरी काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.