'काकू, २००५ मधून बाहेर या' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

परवा रात्री तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेब डिझाइन शिकायला बसणाऱ्याने सुरुवातीला कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, असा माझा लेख होता. त्यात मी चारच गोष्टी सांगितल्या: कोड लिहायला नोटपॅड प्लस प्लस, एक चांगला ब्राउझर, फोटो लहान करायला गिम्प आणि फाइली सर्व्हरवर (साइट जिथून सगळ्यांना दिसते त्या कॉम्प्युटरवर) चढवायला फाइलझिला. चारही फुकट. तुमचं म्हणणं असं की ही यादी कालबाह्य आहे, विंडोजच्या नोटपॅडबद्दल मी चुकीचं लिहिलंय, फिग्मा (पानाचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर) आणि वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट बनवायचं) आल्याशिवाय आज काम मिळत नाही. आणि शेवटी हे वाक्य: "काकू, २००५ मधून बाहेर या, ज्यांना स्वतःला नवीन शिकायचा कंटाळा आहे तेच मुलांना हाताने एचटीएमएल लिहायला बसवतात." (एचटीएमएल म्हणजे वेब पान ज्यात लिहितात ती भाषा.)

आधी चूक कबूल करते. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये मराठी फाइल सेव्ह केली की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, असं मी लिहिलं होतं. पूर्वी तसं व्हायचं, कारण सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'ॲन्सी' असायचं आणि त्यात मराठी बसत नाही. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, त्यात मराठी नीट राहतं. इथे तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य मी दुरुस्त केलंय.

आता 'काकू'बद्दल. गल्लीतली मुलं मला काकूच म्हणतात, माझ्याकडे रविवारी शिकायला येणारी सहा मुलंही काकू म्हणतात, आणि मला ते आवडतं. पण समोरच्याचं वय काढून त्याचं म्हणणं खोडायचं, यासाठी तो शब्द वापरला की वाईट वाटतं. हीच गोष्ट तुम्ही 'तुमची यादी जुनी वाटते, कारण सांगाल का?' अशी विचारली असती, तर मी आनंदाने दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही मला आळशी म्हणालात, म्हणून आज सविस्तर लिहावं लागतंय.

शिकायचा कंटाळा. २००४ साली मी सांगलीत एका क्लासला साडेचार हजार रुपये भरले. घरी त्यावरून काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. तिथे ओढून-ठेवायचं एक सॉफ्टवेअर शिकवायचे. चित्र उचला, पानावर ठेवा, झालं. तीन महिन्यांत एकदाही आम्हाला कोड उघडून दाखवला नाही. "त्याची तुम्हाला गरज नाही," असं सर म्हणायचे.

त्यानंतर ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदारांची साइट केली. दोन हजार रुपयांचं काम, माझी पहिली कमाई. माझ्या कॉम्प्युटरवर पान सुरेख दिसत होतं. सर्व्हरवर चढवलं, त्यांनी कौतुकाने पुण्यातल्या मेहुण्यांना फोन करून बघायला सांगितलं, आणि दहा मिनिटांत मला फोन आला, "ताई, फोटोंच्या जागी लाल फुल्या दिसतायत." मी दोन दिवस तेच पान पुन्हा पुन्हा चढवत होते. जेवण जाईना. शेवटी सायबर कॅफेतल्या एका मुलाने माझी फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फोटोचा पत्ता माझ्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवरचा होता. माझ्या घरी तो फोटो सापडत होता, बाकी जगात कुणालाच नाही. तो पत्ता सुधारला तरी तीन फोटो येईनात. कॅमेऱ्याने नावाच्या शेवटी 'जेपीजी' मोठ्या लिपीत लिहिलं होतं आणि पानात ते छोट्या लिपीत होतं. विंडोजला दोन्ही सारखंच, पण लिनक्सच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली.

त्या ओळी मला वाचता येत असत्या तर ते दोन दिवस वाचले असते. म्हणून मी मुलांना हाताने लिहायला बसवते. तुम्ही त्याला कंटाळा म्हणालात.

तुम्ही म्हणाल, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग दिवाळीनंतरची सांगते. माझ्याकडे येणारी एक मुलगी, बारावीची, तिने आईच्या पापड-लोणच्याच्या उद्योगाचं पान केलं. घरी सगळं मराठी नीट दिसत होतं. सर्व्हरवर गेल्यावर 'कैरीचं लोणचं' या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए', त्यापुढे छोट्या चक्रासारखं चिन्ह, पुन्हा तेच, पुन्हा तेच, अशी रांग. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं. ब्राउझरला एन्कोडिंग कुणी सांगितलं नाही, तर तो त्या तीन बाइटची तीन वेगळी रोमन चिन्हं करून दाखवू शकतो. घरची फाइल उघडताना ब्राउझर अंदाजाने ओळखतो, म्हणून घरी गडबड कळत नाही. मुलीने पान बघितलं, कोड दिसावा म्हणून एफ१२ दाबलं, वरच्या भागात नजर फिरवली आणि म्हणाली, "काकू, चारसेटची ओळ राहिली." ब्राउझरला एन्कोडिंग सांगते ती हीच ओळ. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचं नाव मी घेतलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात ते आहे. 'दोन महिन्यांनी व्हीएस कोडकडे वळा' असं स्पष्ट लिहिलंय. तो परिच्छेद तुम्ही वाचला नाही आणि मला जागं व्हायला सांगताय, हे मला पटलेलं नाही. दोन महिने थांबायचं कारणही आहे. व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की अख्खा सांगाडा तयार मिळतो. चारसेट, मोबाइलसाठीची व्ह्यूपोर्टची ओळ, सगळं आयतं. रोज काम करणाऱ्याला ते वरदान आहे, मीही वापरते. पण त्या सांगाड्यात पानाची भाषा इंग्रजी म्हणून लिहून येते. नवशिका ती तशीच ठेवतो, कारण ती ओळ त्याने लिहिलेलीच नसते. मग अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जातो, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात, तेही दिसत नाहीत. भाषेच्या जागी 'एमआर' ही दोन अक्षरं टाकली की काम होतं. पण ती जागा आहे हे आधी माहीत हवं.

तुमच्या नावावर तुमच्या साइटची लिंक होती, म्हणून मी जाऊन आले. पान पूर्ण मराठीत आहे, रंगसंगती छान आहे. पहिल्याच ओळीत भाषा इंग्रजी लिहिली आहे. वरचा मोठा फोटो चार एमबीच्या पुढचा आहे, थेट कॅमेऱ्यातून आलेला. गावाकडच्या नेटवर तो वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरतो. गिम्पमध्ये रुंदी १२०० पिक्सेल करून पुन्हा एक्स्पोर्ट केला तर दोनशे केबीच्या आसपास येईल. हे मी तुम्हाला खाजगीत कळवलं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, म्हणून इथेच सांगितलं.

कालबाह्य म्हणाल तर पानं बनवायचं अडोबी म्यूझ २०२० मध्ये बंद झालं, कोड लिहायच्या ब्रॅकेट्सचा अडोबीचा आधार २०२१ मध्ये गेला, तसंच ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद झालं. नवीन होती तेव्हा या तिन्हींची नावं माझ्यासमोर अशीच घेतली गेली होती. १९९०-९१ च्या सुमाराला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी केलेलं जगातलं पहिलं वेब पान मात्र आजच्या मोबाइलवर उघडतं, कारण ते साधं एचटीएमएल आहे. फिग्मा, वर्डप्रेस आणि फ्रीलान्सिंगच्या दरांवर इथे बोलत नाही. तो लेख नवशिक्यांसाठी होता.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, जशी आहे तशी राहील. नोटपॅडच्या दुरुस्तीखाली आजची तारीख टाकली आहे, आणि या रविवारी मुलं आली की ती त्यांनाही वहीत उतरवून घ्यायला सांगणार आहे.