लग्नाची कॅसेट आणि व्हिडिओ आर्ट: ‘एक रसिक’ यांना उत्तर

मुंबईच्या एका गॅलरीने काही व्हिडिओ कलाकृती, म्हणजे कलाकारांनी चित्र-शिल्पासारखीच कला म्हणून केलेल्या फिल्म, थोड्या दिवसांसाठी आपल्या वेबसाइटवर खुल्या ठेवल्या होत्या. त्यांवर मी मागे लिहिलं, आणि त्याखाली ‘एक रसिक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ती अशी: “ताई, राग मानू नका, पण नागपुरात घरी बसून लॅपटॉपवर व्हिडिओ आर्ट बघणं आणि त्यावर लिहिणं म्हणजे लग्नाची कॅसेट बघून पंगतीला नावं ठेवणं. आधी एकदा गॅलरीत जाऊन उभ्या राहा, मग लिहा.” पुढे त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्यात. बऱ्याच कृती अनेक पडद्यांच्या असतात, लॅपटॉपवर आवाज मरतो आणि ऑनलाइन प्रदर्शन ही गॅलऱ्यांची जाहिरात असते.

आवाजाचं आधी बोलते, कारण ते खरं आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. मी हेडफोन लावून बघते, तरी अंधाऱ्या खोलीत आवाज छातीत जाणवतो तसा तो कानात जाणवत नाही. हे मान्य.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. ‘राग मानू नका’ असं आधी लिहायचं आणि मग समोरच्याला राग येईल असंच काहीतरी लिहायचं, ही रीत मला पटत नाही. मतभेद असेल तर सरळ मांडावा. मी लेखात काय लिहिलं, कोणत्या कृतीबद्दल काय म्हटलं, त्यातलं एकही वाक्य तुम्ही खोडलेलं नाही. मी कुठे बसून पाहिलं, एवढंच तुम्हाला खटकलं.

आणि दाखला तरी नीट द्यायचा. लग्न आधी लागतं, कॅसेट मागून येते. कॅसेट हरवली म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही. व्हिडिओ आर्टमध्ये कॅसेटच्या मागे दुसरं लग्न नसतं. कलाकाराने जे केलं ते त्या फिल्ममध्येच असतं, त्या फाइलमध्येच असतं. चित्राचा फोटो आणि चित्र यांत अंतर असतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. पण ही कृती कॅमेऱ्यासमोर जन्मते आणि पडद्यावरच जगते. तिचा पडदा किती मोठा असावा यावर जरूर वाद घालू. पण मी पाहिलं ती कृतीच नव्हती, असं तुम्ही म्हणू शकत नाही.

घरातल्या पडद्यासाठी कलाकारांनी काम केलं त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. १९६९मध्ये जर्मनीत गेरी शूम यांनी ‘टीव्ही गॅलरी’ काढली. तिला जागाच नव्हती, प्रसारण हीच गॅलरी. त्या वर्षी १५ एप्रिलला ‘लँड आर्ट’ (जमीन, वाळू हेच साहित्य घेऊन केलेली कला) हा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला. त्यात यान डिबेट्स या डच कलाकाराची एक कृती होती. समुद्राच्या वाळूत ट्रॅक्टरने रेषा ओढून एक आकार आखला जातो आणि मग भरती येऊन तो पुसते. प्रत्यक्ष वाळूत तो आकार समलंब चौकोन होता, एक बाजू लांब, एक आखूड. कॅमेऱ्याच्या कोनातून मात्र तो बरोबर आयत दिसायचा, टीव्हीच्या चौकटीला समांतर. म्हणजे त्या दिवशी किनाऱ्यावर प्रत्यक्ष जाऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ती कृती दिसलीच नसती. ती दिसली घरात टीव्हीसमोर बसलेल्यांना. ‘आधी जाऊन उभ्या राहा’ हे त्यांना सांगाल का तुम्ही?

आपल्याकडचं बघा. चित्रकार नलिनी मालानी यांनी अलीकडच्या वर्षांत आयपॅडवर बोटाने रेखाटून छोट्या ॲनिमेशन केल्या आणि त्या इन्स्टाग्रामवर टाकल्या. लोकांनी त्या आधी हातातल्या फोनवर पाहिल्या. पुढे २०२०मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीने त्याच ॲनिमेशन विटांच्या भिंतींवर मोठ्या करून दाखवल्या. तिथे फोनवरचं काम भिंतीवर गेलं. मग फोनवर पाहणारे उष्टं खात होते असं म्हणायचं का? मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलाकारांच्या गटाने २०१३मध्ये ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ ही फिल्म पूर्ण केली. तिच्यातली बरीचशी दृश्यं कच्छ, सिंध, बलुचिस्तान आणि इराणकडच्या खलाशांनी आपापल्या मोबाइलवर घेतलेली आहेत, वर त्यांच्या आवडीची गाणी. चित्र फुटतं, रंग उडतात. माझ्याकडे चित्रकला शिकायला येणारी उमरेडची एक मुलगी त्यातला एक तुकडा बघून म्हणाली, “मॅडम, हे तर आपल्याच मोबाइलसारखं दिसून राहिलं.” तिने एका वाक्यात जे पकडलं ते मी चार परिच्छेदांत लिहिलं होतं. तिलाही आधी कुलाब्याच्या गॅलरीत जाऊन उभं राहायला सांगायचं का?

आणि ‘नागपुरात’ हा शब्द त्या वाक्यात कशासाठी आहे, ते मला खरंच जाणून घ्यायचंय. मुंबईत घरी बसून बघितलं असतं तर चाललं असतं? मी इथेच शिकले. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, मग शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवत राहिले. आमच्या काळी व्हिडिओ आर्ट म्हणजे पुस्तकातला एक काळा-पांढरा फोटो आणि खाली कृतीची लांबी. आठ तासांची फिल्म आम्ही एका फोटोवरून शिकलो! मुंबई इथून ८०० किलोमीटरच्या वर आहे. सुट्टीत विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मी तुमच्या त्या गॅलऱ्यांत गेले आहे, उभी राहिले आहे. एका ठिकाणी पोचले तर प्रोजेक्टर बंद. “दुपारनंतर या,” म्हणाले, आणि माझी परतीची गाडी संध्याकाळची. दुसऱ्या ठिकाणी फिल्म लूपवर, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून अशी, चालू होती. मी शिरले तेव्हा अर्धी संपली होती, ती कुठून सुरू होते हे सांगायला कुणी नाही, बसायला बाक नाही, हेडफोन एकच आणि मागे दोघं ताटकळलेले. या अनुभवाला तुम्ही ‘खरं पाहणं’ म्हणता. मे महिन्यात रात्री अकरानंतर, कूलर बंद करून, तेवढ्याच लांबीची कृती मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहते, मागे नेऊन पुन्हा पाहते, एखादी चौकट थांबवून वहीत रेखाटते. चित्रकलेच्या शिक्षिकेला पाहणं म्हणजे काय, हे कुणी नावही न सांगता शिकवू नये, असं मला वाटतं.

या शहराला पडद्यावरची गोष्ट घरी नेऊन बघण्याची सवय आजची नाही. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांच्या, भाषणांच्या सीडी मांडलेल्या असायच्या. लोक त्या गावी न्यायचे आणि शेजारपाजारच्यांसकट टीव्हीसमोर बसायचे. त्या पाहण्यात कमीपणा होता असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणखी एक सांगते. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले एकत्र. मालानींनी आपल्या पहिल्या फिल्म तिथेच केल्या. पदमसींनी तेव्हा दोन फिल्म केल्या. त्यातली ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ आज कुणालाच पाहता येत नाही, कारण तिची एकच प्रत होती आणि ती हरवली. पुढे २०१६मध्ये दिग्दर्शक आशिम आहलुवालिया यांनी पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर फिल्म केली. मूळ मात्र गेली ती गेलीच. एका जागी, एका प्रतीत, मोजक्या माणसांसाठी ठेवलेल्या कलेचं काय होतं, ते यातून कळतं. म्हणून कुणी आपलं काम थोडे दिवस का होईना सगळ्यांसाठी खुलं करतं तेव्हा मला आनंद होतो, आणि तो मी लेखात लपवला नव्हता.

अनेक पडद्यांबद्दल: फिल्मकार अमर कंवर यांची ‘द लाइटनिंग टेस्टिमोनीज’ आठ पडद्यांवर एकाच वेळी चालते. ती लॅपटॉपवर होणार नाही, हे मला माहीत आहे. पण मी लिहिलेल्या कृती एका पडद्याच्या होत्या. तसं लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. वाचला असतात तर दिसलं असतं.

जाहिरातीबद्दल: असेल. गॅलरी दुकानही असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. व्हिडिओ कृती मोजक्या प्रतींत विकल्या जातात, अनेकदा दहाहूनही कमी. म्हणूनच त्या कायम खुल्या न ठेवता काही दिवसांतच काढल्या जातात. विकत घेणारा एक, आणि फुकट बघणारे इथे, वर्ध्यात, उमरेडला. विक्रीचा हेतू असला म्हणून पाहणाऱ्यांचं पाहणं खोटं कसं ठरतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण यापुढे ‘ताई’ म्हणून टोमणा मारायचा असेल तर आपलं नाव लिहून मारा. आणि मी ज्या कृतींवर लिहिलं त्यातली एक तरी तुम्ही पाहिली असेल, गॅलरीत किंवा कुठेही, तर ती कोणती आणि माझं त्यातलं काय चुकलं, तेवढं लिहा. त्यावर मी नक्की उत्तर देईन.