तूट : 38 क्विंटल 40 किलो

काल एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा भाऊ एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. लसींचा फ्रीज रात्रीत बंद पडला, लसी वाया गेल्या आणि या महिन्याच्या पगारातून पहिला हप्ता कापूनही झाला. नोटीस आली होती, त्याने खुलासाही दिला होता. चौकशीचं विचारलं तर वरिष्ठ म्हणाले, "चौकशी कशाला? लसी खराब झाल्या हे तर खरं आहे ना?"

हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं आहे. तेव्हा लसींच्या जागी तांदूळ होता.

माझे बाबा एका तालुक्याच्या सरकारी धान्य गोदामावर गोदामपाल होते. रेशनचा गहू-तांदूळ ट्रकने यायचा, हमाल पाठीवरून पोती उतरवायचे, थप्प्या लागायच्या आणि महिन्याच्या नियतनाप्रमाणे दुकानदारांना वाटप व्हायचं. बाबांच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं असताना लेखापरीक्षणाचं पथक आलं. त्यांनी तीन वर्षांची आवक, वाटप आणि शिल्लक यांची वजाबाकी केली. तूट निघाली 38 क्विंटल 40 किलो. क्विंटलला 2,800 रुपये दर लावून झाले 1,07,520 रुपये. कारणे दाखवा नोटीस आली. बाबांनी चार पानी खुलासा दिला, सोबत पाच पत्रांच्या प्रती जोडल्या. त्यावर आलेला आदेश एका पानाचा होता. "आपला खुलासा असमाधानकारक असल्याने अमान्य करण्यात येत आहे" एवढं वाक्य, आणि खाली 8,960 रुपयांचे बारा हप्ते. निवृत्तीला बरोबर बारा महिने उरले होते.

वजाबाकी चुकलेली नव्हती. बाबांनीही ती कधी नाकारली नाही. पण तूट कशी पडते, हे ज्याने गोदामात चार दिवस उभं राहून पाहिलंय त्याला वजाबाकीच्या पलीकडचं कळतं. कागदावर पोतं 50 किलोचं असतं. रिकाम्या तागाच्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन साधारण 580 ग्राम. आत धान्य 50 किलो असेल तर काट्यावर 50 किलो 580 ग्राम दिसायला हवेत. नुसते 50 दिसले तर त्या पोत्यात 580 ग्राम धान्य कमी आलंय. 200 पोत्यांच्या ट्रकला हे होतात 116 किलो. आता बाबांच्या गोदामातला वजनकाटा चौदा महिने बंद होता. माल उतरवून घ्यायचा तो पोती मोजून. दुकानदार मात्र आपला काटा घेऊन यायचा आणि निव्वळ वजन मागायचा. त्याचंही काही चूक नव्हतं, त्याला पुढे कार्डधारकांना किलोकिलोने द्यायचं असतं. म्हणजे आत येताना पोत्यावर भरवसा आणि बाहेर जाताना वजनावर. मधली तूट कुणाच्या नावावर? किल्ली ज्याच्या कमरेला त्याच्या.

मी हिशेब केला होता. 38 क्विंटल 40 किलो म्हणजे जेमतेम तेहतीस ट्रकांचा बारदाना. तीन वर्षांत तिथे किती ट्रक आले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. त्यात पावसाळी हवेत आलेला तांदूळ उन्हाळ्यापर्यंत पडून राहिला की ओलावा उडून वजन उतरतं, ते वेगळं. छताचे दोन पत्रे फुटले होते, त्याखालची थप्पी भिजली होती, ते वेगळं. उंदीर-घुशी तर आहेतच.

सगळी तूट यातूनच पडली असं माझं म्हणणं नाही. कुणीतरी हे विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हणते. कुणीच विचारलं नाही. हमालांचे जबाब झाले नाहीत, ट्रकच्या पावत्या पाहिल्या नाहीत, काट्याच्या दुरुस्तीची फाइल कुठे अडली ते बघितलं नाही. बाबांची पाच पत्रं, जावक क्रमांकासकट, त्या कार्यालयातच होती. तीन काट्याबद्दल, दोन पत्र्यांबद्दल.

आपल्याकडे कार्यालयांतून एक समज घट्ट बसलाय की वसुली म्हणजे हिशेबाचं काम. पैसे कमी पडले, ज्याच्या ताब्यात होते त्याच्याकडून भरून घेतले, संपलं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 उघडून नियम 5 वाचा. तिथे शिक्षांची यादी आहे. ठपका ठेवणं, बढती रोखणं, वेतनवाढ रोखणं यांच्याच रांगेत, कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे किंवा आदेशभंगामुळे शासनाचं झालेलं नुकसान त्याच्या वेतनातून वसूल करणं हीसुद्धा एक शिक्षा म्हणून लिहिलेली आहे. शिक्षा द्यायची तर आधी दोष ठरायला हवा. धान्य कमी भरलं आणि या माणसाच्या हयगयीमुळे कमी भरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वजाबाकीने कळते. दुसरी कळायला चौकशीच लागते, तिला दुसरी वाट नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतही (2017, नियम 37) जबाबदारी स्वतःच्या लबाडीची किंवा हयगयीची आहे. दुसऱ्याच्या चुकीत माणसाला ओढायचं असेल तर त्याच्या कृतीने किंवा हयगयीने त्या नुकसानीला जेवढा हातभार लागला असं दाखवून देता येईल, तेवढ्यापुरतंच. दाखवून द्यायचं काम वसुली करणाऱ्याचं आहे.

यावर प्रशासनाची बाजू माणसं सांगतात, तीही मी वाचली आहे. ही वसुली किरकोळ शिक्षेत मोडते. त्यासाठी नियम 10 आहे. लेखी आरोप कळवायचा, म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची आणि आवश्यक वाटलं तर नियम 8 प्रमाणे पूर्ण चौकशी लावायची. आवश्यक आहे की नाही हे शिस्तभंगविषयक प्राधिकारी ठरवतो. फूड कॉर्पोरेशन विरुद्ध प्रल्हाद राव या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हा अधिकार मान्य केलाय. पण त्याच न्यायालयाने ओ. के. भारद्वाज यांच्या प्रकरणात म्हटलंय की आरोप वस्तुस्थितीबद्दलचे असतील आणि कर्मचारी ते नाकारत असेल, तर किरकोळ शिक्षेसाठीसुद्धा चौकशी व्हायला हवी. मला यात गोंधळ दिसत नाही. एखादा दोन दिवस न सांगता गैरहजर राहिला आणि मस्टर समोर आहे, तिथे साक्षीदार कशाला? पण काटा बंद होता की चालू, पत्रं लिहिली होती की नाही, माल वजन करून घेणं शक्य तरी होतं का, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. "असमाधानकारक" या एका शब्दाने ते सुटत नाहीत. आणि ज्या शिक्षेला किरकोळ म्हणतात तिचा भार पाहा. बाबांच्या घरी वर्षभर महिन्याला 8,960 रुपये कमी आले. आईने त्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून ठेवलं.

फाइल आम्ही नंतर माहितीच्या अधिकारात काढली. दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये. टिप्पणीवर लिहिलं होतं, "परिच्छेद निकाली काढणेस्तव वसुली प्रस्तावित." बाबांचा खुलासा फाइलला लावलेला होता, पण त्यातल्या एकाही मुद्द्यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तो कागद हातात घेतल्यावर मला चौकशी का झाली नाही ते कळलं. लेखापरीक्षणाचा परिच्छेद, म्हणजे त्यांनी काढलेला आक्षेप, प्रलंबित राहिला की वरून विचारणा होते, बैठकीत उभं राहावं लागतं. वसुलीचा आदेश काढला की अनुपालन झालं. आणि चौकशी लावली असती तर ती बाबांपाशी थांबली नसती. काटा चौदा महिने का दुरुस्त झाला नाही, हे विचारत ती दोन टेबलं वर गेली असती.

माझा खरा राग इथे आहे. लोकांना वाटतं चौकशी म्हणजे कर्मचाऱ्याला पळवाट. उलट चौकशी टाळली की खरा जबाबदार सुटतो. समजा पोत्यामागे अर्धा किलो धान्य वाटेतच कुणी काढत होतं. बाबांच्या पगारातून 1,07,520 रुपये जमा झाल्यावर ते शोधायची गरज कुणाला उरली? हिशेब जुळला, फाइल बंद. काढणारा पुढच्या ट्रकवर मोकळा. सरकारचं धान्य म्हणजे शेवटी रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीतलं धान्य, आणि त्या बाईला या वसुलीतून एक दाणा जास्त मिळालेला नाही.

ज्याने अफरातफर केली त्याला सोडा असं मी कधी म्हणणार नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवा, दोषारोपपत्र द्या, चौकशी अधिकारी नेमा, साक्षी घ्या, दोष सिद्ध झाला तर पूर्ण रक्कमही घ्या आणि नोकरीही. पण मग तसा आरोप लिहून ठेवा ना. बाबांवर चोरीचा आरोप कुणी केला नाही. तो केला असता तर सिद्ध करावा लागला असता. म्हणून "हयगय" हा मऊ शब्द वापरला आणि पैसे मात्र चोराकडून घ्यावेत तसे शेवटच्या किलोपर्यंत घेतले. गावात लोक काय समजले असतील? बाबा वर्षभर चौकातल्या टपरीवर चहाला गेले नाहीत.

"मग लढले का नाहीत?" हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. अपील करता येतं, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं, सगळं खरं. पण निवृत्तीच्या वर्षात कर्मचाऱ्याच्या मानेवर दोन कागद असतात, ना-देय प्रमाणपत्र आणि ना-चौकशी प्रमाणपत्र. ते मिळाल्याशिवाय निवृत्तिवेतन प्रकरण महालेखापालांकडे जात नाही, उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, अडकतं. बाबांना कार्यालयातल्याच एका माणसाने, अगदी मायेने, सांगितलं, "भाऊसाहेब, चौकशी मागाल तर दोन-तीन वर्षं लोंबकळाल. संमती लिहून द्या आणि सन्मानाने बाहेर पडा." बाबांनी लिहून दिलं, "सदर वसुलीस माझी हरकत नाही." त्या माणसाला मी दोष देत नाही, तो जे बघत आला तेच त्याने सांगितलं. पण बाबांनी तो कागद लिहिला त्या रात्री ते जेवले नाहीत. आणि पुढे ज्या वकिलांकडे आम्ही गेलो, त्यांनी सगळ्यात आधी तोच कागद बाजूला काढून ठेवला.

निवृत्तीच्या तोंडावरच ही घाई का होते, त्याचंही कारण नियमांत आहे. माणूस एकदा निवृत्त झाला की निवृत्तिवेतन नियम, 1982 मधला नियम 27 लागतो. तेव्हा वसुलीसाठी गंभीर गैरवर्तन किंवा हयगय कार्यवाहीत सिद्ध व्हावी लागते, कार्यवाही नव्याने सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. नोकरीत असताना काम एका सहीत होतं.

एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून स्पष्ट करते, कारण आमच्या स्टाफरूममध्ये हे दोन विषय नेहमी एकत्र होतात. वेतननिश्चिती चुकली आणि जास्त पगार दिला गेला, ते अतिप्रदान. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा रफिक मसीह निकाल आहे. गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम मिळालेले, अशांकडून वसुली नको असं तो सांगतो. मात्र जादा रक्कम परत करीन असं वचनपत्र दिलं असेल तर 2016 चा जगदेव सिंग निकाल आडवा येतो, आणि वेतन आयोगाच्या वेळी विकल्पासोबत तो कागद आपण न वाचता सही करून देतो. तूट, नुकसान, चोरी हा प्रकार यात बसत नाही. बाबांना कितीतरी जणांनी रफिक मसीह दाखवायला सांगितलं होतं. तिथे त्याचा उपयोग नव्हता. तिथे मागायची होती ती चौकशी.

तरी न ऐकता माणसाचे पैसे कापू नयेत हा धडा दोन्हीकडे एकच. भगवान शुक्ला नावाचे रेल्वेतले गार्ड होते. त्यांचं 1970 पासूनचं मूळ वेतन 190 रुपये होतं, ते 1991 मध्ये मागच्या तारखेपासून 181 केलं. फरक नऊ रुपयांचा. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तो आदेश रद्द केला, कारण त्यांना आधी विचारलंच नव्हतं. नऊ रुपयांसाठी माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

मैत्रिणीच्या भावाला मी कालच सांगितलं. संमती लिहून देऊ नकोस. फ्रीजच्या तापमानाच्या नोंदवहीची प्रत, वीज गेल्याच्या वेळा, दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार लेखी माग. आरोप मान्य नाही आणि नियमाप्रमाणे चौकशी करावी असं स्वच्छ लिही. एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःकडे ठेव. अपिलाची मुदत चुकवू नकोस. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, जनरेटरला डिझेल होतं का, हे त्यालाही आत्ता आठवतंय. सहा महिन्यांनी कुणालाच आठवणार नाही.

बाबा मे महिन्यात निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये गोदामात नवा काटा बसला. नव्या गोदामपालाने बाबांना फोन केला, पहिला ट्रक उतरवताना जरा येता का म्हणून. आई नको म्हणत होती. बाबा गेले. परत आल्यावर सांगत होते की त्या पोराला दर ट्रकमागे दहा रिकामी पोती वेगळी मोजायला लावली, वजन वहीत लिहायला लावलं आणि खाली ड्रायव्हरची सही घ्यायला सांगितली.