थांबा म्हणजे नक्की कुठला थांबा?

लर्निंग लायसन काढून २२ दिवस झाले, ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते, आणि माझं घोडं अजून त्या एका लाल अष्टकोनी पाटीपाशीच अडलंय. आरटीओच्या परीक्षेत हे चिन्ह मी एका सेकंदात ओळखलं होतं. तिथे काय, स्क्रीनच्या मागून कोणी हॉर्न मारत नाही.

आमच्या वाडीचा रस्ता मालवण-कुडाळ रोडला जिथे मिळतो तिथे ती पाटी आहे. म्हणजे असावी. पावसाळ्यात तिच्यावर वेली चढल्या त्या गणपती होऊन गेले तरी उतरल्या नाहीत, 'थांबा'तला 'थां' त्यांनी गिळलाय आणि उरलाय नुसता 'बा'. आता कोकणातल्या माणसाला 'बा' दिसला की पुढचं 'देवा म्हाराजा' तोंडात आपोआप येतं, मग गाऱ्हाणं घालू की ब्रेक दाबू?

"ताई, अक्षरं नका वाचू, कोपरे बघा," आमचे ड्रायव्हिंगचे मास्तर म्हणाले. "८ कोपरे म्हणजे थांबायचंच. चिखल उडालेला असूदे नायतर पाठीमागून दिसूदे, नुसत्या आकारावरून कळतं." उलटा त्रिकोण असता तर कोणी येत नाही बघून हळूच निघता आलं असतं, पण इथे रस्ता मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, तीही पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. पट्टा कधीच पुसला गेलाय. तो मनात आखायचा म्हणे.

आखला. थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, एक म्हैस होती ती पण माझ्याकडे बघत होती. मागून टेम्पोवाला ओरडला, "बंद पडली काय ओ वैनी?"

त्याचं पण बरोबर आहे, आमच्याकडे गाडी एकतर बंद पडली म्हणून थांबते नाहीतर कोणाला तरी घ्यायला. हे दुसरं कारण मला कळेपर्यंत मागचं दार उघडलं, आधी बांगड्यांची पाटी आत आली आणि तिच्या मागून एक मावशी.

"बरां केलंस गो बाय थांबलंस, एस्टीचो काय भरवसो नाय."

"अहो मावशी, तुमच्यासाठी नाही थांबले, ती पाटी आहे ना तिथे, थांबा म्हणून!"

"तांच सांगतंय मा. थांबो आसा म्हणानच मी हय उभी रवलंय."

यावर काय बोलणार? 'विनंती थांबा' वाचत मोठे झालेलो आपण, थांबा ही आपली वाट बघायची जागा. मास्तर हसता हसता खिडकीबाहेर तोंड करून बसले, त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरचा पायसुद्धा काढला त्यांनी. मावशी चौक्यापर्यंत आली, उतरताना दोन बांगडे सीटवर ठेवून गेली. मास्तरांनी त्यातला एक घेतला, फी वेगळी.

काल परत तिथे गेले तर पाटीखाली तिघंजणं उभी, एकाकडे नारळांचं पोतं. आणि कोणीतरी कोयत्याने सगळ्या वेली साफ करून टाकल्यात. 'थांबा' आता पार लांबून दिसतं.